सावलीत लावलेली पिकअप

ओमानात थंडी आली हे आधी कानाला कळतं, अंगाला मागाहून. उन्हाळाभर घरात एसी घरघरत असतो. त्याची इतकी सवय होते की तो आवाज आहे हेच माणूस विसरतो. मग एका सकाळी महेश, माझा मुलगा, तो बंद करतो, खिडकी उघडतो आणि घर एकदम गप्प होतं. शेजारचा कुकर ऐकू येतो, लांबची बांग ऐकू येते, कामाला निघालेल्या गाड्या ऐकू येतात. दरवर्षी याच वेळी आतून हाळी यायची, "आला बाई हंगाम! काढा आता ती बुटं." यंदा खिडकी उघडली आणि घर गप्प झालं ते गप्पच राहिलं.

हाळी घालणारी माझी बायको, सुमन. ऐन उन्हाळ्यात गेली. आजार छातीचा होता, फार लांबला नाही, एवढंच लिहितो. अग्नी इथेच दिला. अस्थी घेऊन महेश गावी जाऊन आला, मला विमानात बसवेना म्हणून मी गेलो नाही. लोक येऊन बसले, चहा प्यायले, "काळजी घ्या" म्हणाले आणि गेले. कशाची घ्यायची ते कोणी सांगितलं नाही.

गावी हंगाम म्हणजे भाताचा, नाहीतर आंब्याचा. इथे आमच्या तोंडी हंगाम म्हणजे क्रिकेटचा. उन्हाळ्यात बाहेर उभं राहिलं तर टाळू भाजते, तेव्हा खेळायचं ते थंडीतच, शुक्रवारच्या सुट्टीला, जुम्म्याची नमाज झाली की अंधार पडेपर्यंत. मी डेंटर. ठोकलेल्या गाडीचा पत्रा हातोडीनं सरळ करायचा, हे माझं काम होतं. शाळा सातवीत सुटली, त्यामुळे लिहिण्यात पोचे राहतील. हे पोचे मला काढता येत नाहीत. वादी कबीरला वर्कशॉपच्या वरच्या खोलीत आमचा संसार झाला. अर्बाबनं, म्हणजे मालकानं, माझा हात बघून बायकोला आणायची परवानगी काढून दिली. तशी सगळ्यांना मिळत नव्हती. आता मी माबेल्याला मुलाकडे असतो. महेश रोज पहाटे माझ्या नातीला, रियाला, घेऊन निघतो. तिची शाळा वादी कबीरला, त्याचं ऑफिस तिथून पुढे. दिवसभर घरात मी आणि सून, आणि सून घरूनच कंप्युटरवर काम करते. म्हणजे मीच.

खाली पार्किंगमध्ये माझी जुनी पिकअप उभी आहे. पुढे एकच सलग सीट, मागे हौदा. सुमन गेल्यापासून मी गाडीचं दार उघडलेलं नाही. बॅटरी उतरू नये म्हणून महेश मधूनमधून सुरू करतो, तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडतो. यंदा तपासणीत चासी, म्हणजे खालचा सांगाडा, गंजलेली निघाली. आता मुल्किया, म्हणजे गाडीचा वर्षाचा परवाना, पुन्हा मिळायचा नाही. इब्रीकडचा एक शेतकरी तिला नेतोय, शेतातल्या शेतात गवत वाहायला. शनिवारी येतो म्हणाला. आणि आदल्याच दिवशी, शुक्रवारी, हंगामाची पहिली मॅच.

"बाबा, जाऊया का? गाडी एकदा शेवटची ग्राउंडवर नेऊया," महेश म्हणाला.

"मला नाही यायचं."

"दाऊदचाचांचा दोनदा फोन आला."

"त्याला सांग, म्हातारा झोपलाय."

"ते म्हणाले, असं म्हणेल तर सांग, तू झोप, गाडीला पाठव."

दाऊदभाई दापोलीकडचा. आमच्याच ओळीत गाडीच्या सीटा शिवायचं त्याचं दुकान होतं. जन्मभर माझ्याशी वाकडं बोलला आणि माझ्या प्रत्येक अडचणीला हजर राहिला. त्याच्यावर रागावता येत नाही, म्हणून मी महेशवर रागावलो. खरं कारण वेगळं होतं. गाडी ग्राउंडवर न्यायची म्हणजे बाजूची सीट रिकामी घेऊन जायचं. तिथे चौका लागला की सगळ्या गाड्या हॉर्न वाजवणार आणि आमची मुकी उभी राहणार. ते मला झेपणार नव्हतं. आणि तशीच, ग्राउंड न दाखवता, शनिवारी परक्याच्या हातात द्यायची, तेही झेपणार नव्हतं.

हॉर्नचं नीट सांगायला हवं.

पाऊस पडला तरच वाहणारी नदी असते, तिला इथे वादी म्हणतात. आमचं मैदान अशाच एका कोरड्या वादीच्या कडेला, गॅरेजच्या ओळीमागे. गवताची काडी नाही, सगळे दगडगोटे. मध्ये सिमेंटची पट्टी, तिच्यावर मॅट अंथरायची. हंगामाआधीच्या शुक्रवारी सगळ्यांनी जाऊन दगड वेचायचे आणि त्याच दगडांना वर्कशॉपमध्ये उरलेला गाड्यांचा रंग मारून बाउंड्रीला मांडायचे. टॅक्सीचा केशरी, पाण्याच्या टँकरचा निळा, कुणा मोठ्या माणसाच्या जीपचा मोतिया. लांबून बघितलं तर कुणी रांगोळी घालता घालता उठून गेल्यासारखं दिसायचं. रंग उन्हात तापला की त्याचा वास सुटायचा. अजून तो वास आला की माझे गुडघे आपोआप वाकतात, कीपिंगला.

बाउंड्रीबाहेर गाड्या लावायच्या, तोंडं मैदानाकडे करून. बायकामुलं गाडीतच बसायची, कारण दुसरीकडे बसायला जागाच नाही. टाळ्या कुणाला ऐकू येणार? म्हणून हॉर्न. चौक्याला एक लांब, छक्क्याला कंटाळा येईपर्यंत, विकेटला दोन तोकडे. ज्याची टीम त्यानंच वाजवायचा. हे कुठे लिहिलेलं नाही, पण नवा माणूस पहिल्या शुक्रवारी शिकतो. चुकला तर दुसऱ्या शुक्रवारी त्याला चहा पाजावा लागतो.

आमच्या पिकअपचा हॉर्न तिचा मूळचा नव्हताच. एका मोडीत गेलेल्या लॉरीचा काढून मी बसवला होता. रेडा हंबरावा तसा, घोगरा. इथे स्टिअरिंग डावीकडे असतं, तेव्हा सुमन उजवीकडे, बाजूच्या सीटवर बसायची आणि डावा हात लांब करून स्टिअरिंगवर दाबायची. आधी बांगड्या वाजायच्या, मग रेडा. मी विकेटकीपर, गुडघे गेल्यावर अंपायर. मॅच चालू असताना मी मैदानात, ती गाडीत. असे आमचे शुक्रवार गेले. थर्मासमध्ये चहा, डब्यात भाजलेले शेंगदाणे, आणि मध्ये सगळं मैदान.

उन्हानं तिची अर्धशिशी उठायची. थंडीतलं ऊनसुद्धा इथे वाकून डोळ्यांत शिरतं. ग्राउंडवर झाड एकच, समरचं, काटेरी, वरून सपाट. दुपारनंतर त्याची सावली पडते ती एका गाडीच्याही एकाच बाजूला. ती जागा मी धरली. शुक्रवारी उजाडलं की पिकअप तिथे लावून, सुमनच्या बाजूला सावली येईल असं तोंड करून, चालत घरी यायचो.

"जागा काय तुझ्या बापाची रे तात्या?" दाऊदभाई एकदा सगळ्यांदेखत ओरडला.

"बापाची नाही. बायकोची."

लोक हसले. पण त्यानंतर तिथे कुणी गाडी लावली नाही. हे मी सुमनला सांगितलं नाही. तिला ते दुसऱ्या बायकांकडून कळलं असणार, कारण त्या रात्री कालवणात माशाचं डोकं माझ्या ताटात आलं. ते ती कुणाला देत नसे.

मला आठवतो तो हंगाम त्याच्या पुढचा. त्या थंडीत अर्बाबनं मॅट आणि स्टंपा ठेवायला एक जुना लोखंडी कंटेनर दिला. क्रेनवाल्यानं तो आणून झाडाच्या पुढे ठेवला, जरा सावलीला, म्हणजे मॅट तापून कडकणार नाही. आम्ही खूश. आणि त्याच थंडीपासून सुमनचा हॉर्न बिघडला.

तोवर ती कधी चुकली नव्हती. आमच्या टीमचा चौका दगडांपर्यंत पोचायच्या आत रेडा हंबरायचा. आता चौका लागला तरी आमची गाडी गप्प. कधी सगळ्यांचे वाजून झाल्यावर एक ओशाळा हॉर्न. आणि मधेच, काही झालेलं नसताना, एकदम भोंगा. समोरच्या टीमच्या फिल्डरनं उडी मारून बॉल अडवला, की आमच्याच गाडीचा भोंगा. आमचा ओपनर बाउंड्रीवर झेल देऊन आउट झाला, तेव्हासुद्धा! पुढचा नंबर माझा, म्हणून मी बॅटिंगचे ग्लोव्हज घालून बाजूला उभा होतो. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"तात्या, भाभीला दुसऱ्या टीमनं फोडली काय?" दाऊदभाई म्हणाला.

घरी मी विचारलं, "अगो, लक्ष कुठे असतं तुझं?"

"मॅचवर."

"मग आपला माणूस आउट झाला तेव्हा हॉर्न का वाजवलास?"

"दिसलं म्हणून वाजवला."

"काय दिसलं?"

"मासे गार होतायत. जेवा."

एवढ्यावर संपायचं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. हळूहळू सगळ्यांना त्याचीही सवय झाली. कुठून तरी अवेळी रेडा हंबरला की बोलर रनअप सोडून हसायचा आणि म्हणायचा, "भाभी जागी आहे." गोष्ट थट्टेवारी गेली आणि मीही विचारायचं सोडलं.

परवा संध्याकाळी रिया तिचा टॅबलेट घेऊन माझ्या खोलीत आली. ही पोर मराठी बोलते ती खडीवरून अनवाणी चालल्यासारखी, एकेक शब्द जपून.

"आबा, हे बघ ना. माझा प्रोजेक्ट आहे. बेसबॉल. अमेरिकेतलं. हंड्रेड इयर्सच्या पण आधीचं."

"आवाज मोठा कर."

"आवाज नाहीये. सायलेंट आहे. तेव्हा साउंड नव्हते घेत."

पडद्यावर कॉमेंट्री नसलेला खेळ मी पहिल्यांदा बघितला. चित्र काळंपांढरं, मधेच थरथरणारं. ढगळ कपड्यांतली माणसं, डोक्याला टोप्या, हातात दांडकं. एक फेकतो, एक मारतो, मारणारा धावतो. ते मला कळलं. सगळी माणसं जरा घाईघाईनं चालत होती, बस सुटत असल्यासारखी.

"हे लोक काम सांभाळून खेळायचे?"

"नाही आबा. प्रोफेशनल्स. त्यांना पे करायचे खेळायला."

"म्हणजे भाडोत्री."

"भाडोत्री म्हणजे?"

"आमच्याकडे एक आला होता. सांगतो मग. तो मागे काय प्रकार आहे?"

मैदानाच्या पार टोकाला, जिथे खेळ संपतो तिथे, गाड्या लावलेल्या होत्या. पहिल्या जमान्यातल्या, उघड्या, सायकलीसारख्या चाकांच्या. मधे एकदोन घोड्याच्या बग्ग्या. सगळ्यांची तोंडं मैदानाकडे. आत माणसं बसलेली. एका गाडीत मोठी टोपी घातलेली बाई.

मी चष्मा पुसून घेतला. हे आमचंच होतं.

मग एकानं उंच फटका मारला. लांब उभा असलेला एक माणूस, तांदळाएवढा दिसणारा, पाठ करून पळत सुटला. पळत पळत त्या गाड्यांच्या जवळ गेला, हात वर केला, आणि चित्र संपलं.

"पकडला का त्यानं?"

"माहीत नाही. फिल्म तेवढीच आहे."

"पुन्हा लाव."

तिनं लावली. पुन्हा तो पळाला, पुन्हा हात वर, पुन्हा संपलं. मी लावायला सांगत राहिलो, ती लावत राहिली. कंटाळली असेल, बोलली नाही.

"हे सगळे मेलेले असतील ना गो?"

"हो आबा. सगळेच."

लोक उभे राहून ओरडत होते, तोंडं उघडी दिसत होती, आवाज नव्हता. हल्ली सुमन मला तशीच दिसते. ओट्यापाशी, खिडकीत, माझ्या कॉटच्या कडेला. तोंड हलतं. काय बोलतेय तेही कळतं, जन्मभर ऐकलेलंच असतं ते. पण आवाज येत नाही. मी रात्री जागा राहून तो आठवायला बघतो आणि तो येत नाही. ही भीती मी कुणाला सांगितलेली नाही. माणूस जातं ते ठीक, सगळेच जातात. पण आवाज इतक्या लवकर जाईल असं मला कुणी बजावलं नव्हतं. तिच्या हातानं निघालेला एकच आवाज अजून जगात आहे, तो खाली पार्किंगमध्ये, त्या पिकअपच्या बॉनेटखाली.

रिया उठता उठता म्हणाली, "आबा, ती लेडी पण हॉर्न वाजवत असेल ना? आजीसारखी?"

मी महेशला हाक मारली. "शुक्रवारी गाडी काढ."

आता त्या भाडोत्र्याचं. कंटेनर आला त्याच हंगामाची फायनल. आमची गॅरेजची ओळ आणि समोर एका बांधकाम कंपनीच्या कॅम्पची टीम. त्यांनी इब्रीहून एक पोरगा आणला होता, बाजारात कापडाच्या दुकानावर काम करणारा, पंजाबकडचा. खेळण्याचे पैसे घ्यायचा. आमच्याकडे ते कमीपणाचं. आम्ही सगळे हौसेनं गुडघे फोडणारे. त्याला आमच्या लोकांनी पहिल्या बॉलपासून छळलं. "कितने में आया रे?" "कपडा नापके देता है या फाडके?" तो हसला नाही, चिडला नाही. त्याच्या स्वतःच्या टीमचेही त्याच्याशी बोलत नव्हते. विकत आणलेल्या माणसाशी काय बोलायचं?

सूर्य डोंगरामागे गेला तरी मॅच संपेना. मग गाड्यांचे दिवे लावले. चहूबाजूंनी उजेड, प्रत्येक माणसाला चार-चार सावल्या. टेनिसच्या बॉलला गुंडाळलेली इलेक्ट्रिकची टेप उजेडात चकाकायची आणि उजेडाच्या वर गेला की बॉल नाहीसाच व्हायचा. शेवटची ओव्हर, आम्हाला चौका हवा. आमच्या माणसानं डोळे मिटून बॅट फिरवली आणि बॉल वर अंधारात गेला. वादीच्या बाजूला. कुणालाच दिसत नव्हता. सगळं ग्राउंड गप्प. फक्त तो इब्रीवाला पळत होता, मान वर, पाठ आमच्याकडे.

आणि त्या शांततेत रेडा हंबरला. एकटा. तो पळत होता तेवढा वेळ, एकसारखा.

तो रंगवलेल्या दगडांत अडखळला, पुढे वादीच्या गोट्यांत कोसळला, आणि बॉल त्याच्या पलीकडे पडला. आम्ही जिंकलो. मग सगळ्यांचे हॉर्न सुरू झाले, कान फुटायची वेळ. आमचा तेव्हा बंद झाला होता. मी नाचणाऱ्यांच्या खांद्यांवरून बघितलं तर सुमन गाडीतून उतरून, हातात पाण्याची बाटली घेऊन, वादीकडे चालली होती. त्याच्याजवळ दुसरं कोणी गेलं नव्हतं.

मी मागोमाग गेलो. त्याचं कोपर सोलून निघालं होतं. ती पाणी ओतत होती.

"भाभी, आपकी टीम तो जीत गई," तो म्हणाला. त्याला वाटलं ही चुकून आली.

"जीत गई तो जीत गई. हाथ सीधा कर," सुमन तिच्या हिंदीत म्हणाली. मग रुमाल फाडून बांधला. त्यानं मान वळवून नाक पुसलं.

परत आल्यावर दाऊदभाईनं तिला सगळ्यांसमोर धरलं. "भाभी, आज सांगूनच टाका. तुम्ही कुणाच्या बाजूच्या?"

तिनं वादीकडे बोट केलं. "मी ह्या बाजूची."

सगळे खोखो हसले. मीही हसलो. तिनं थर्मासचं झाकण लावलं आणि ती गाडीत जाऊन बसली. पुढे कितीतरी थंड्या आम्ही तो किस्सा सांगितला. कुणाच्या मुलाच्या बारशाला, कुणी कायमचा गावी निघाला तर त्याच्या जेवणाला. "मी ह्या बाजूची" म्हटलं की हशा ठरलेला.

शुक्रवारी आम्ही निघालो. महेशनं गाडी चालवली, माझी नजर आता रस्त्याची नाही. रिया मध्ये बसली, मी उजवीकडे, सुमनच्या जागेवर. दुसरी जागाच नव्हती. दाराच्या कप्प्यात हात गेला तर तिची बामची बाटली, वाळून खडा झालेली. मी ती परत होती तशी ठेवली. डोंगर दोन्ही बाजूंनी तसेच, भाजलेल्या विटेच्या रंगाचे. महेश नजर रस्त्यावर ठेवून चालवत होता. बापाशी काय बोलावं हे त्यालाही कळत नाही सध्या, त्याची पण आई गेलीय.

ग्राउंडवर गाड्या लागलेल्या होत्या, पूर्वीपेक्षा भारी. दगड नव्यानं रंगवलेले. समरखालची जागा रिकामी.

दाऊदभाई प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता, तो काठी टेकत आला. "आलास? मला वाटलं गाडी एकटीच येतेय."

"जागा कुणी धरून ठेवली?"

"धरतोय कोण? तिथं कुणी लावतच नाही. भाभीची आहे ना." मग त्यानं तोंड फिरवलं आणि काठीनं माझ्या दाराला ठोकलं. "उतर रे म्हाताऱ्या. खुर्ची आणलीय तुझ्यासाठी."

"नको. इथंच बसतो."

"बस. तू पण बस आता तिच्यासारखा," तो म्हणाला आणि गेला. महेशला स्कोअर लिहायला बोलावलं. रिया पोरींकडे पळाली. सावली माझ्या मांडीवर आली होती, जाळीजाळीची. ऊन स्टिअरिंगवर होतं. बरोबर जागा धरली होती मी, इतक्या वर्षांपूर्वी. तिच्या बाजूला उन्हाचा कवडसा नाही.

मॅच सुरू झाल्याची हाक ऐकू आली. मी समोर बघितलं. समोर कंटेनर होता.

मी मान पुढे काढली. कंटेनर. मागे टेकून बघितलं, तरी कंटेनर. मग ड्रायव्हरच्या सीटकडे कललो, तिथून कडेनं पट्टी दिसली, स्टंपा दिसल्या, बोलर दिसला. गाडी लावताना मी तिथे बसायचो. तिथून मला नेहमी सगळं नीट दिसलं होतं. परत तिच्या जागेवर आलो आणि पट्टी गेली, बॅट्समन गेला, सगळी मॅच त्या गंजक्या लोखंडाच्या मागे गेली.

दिसत होतं ते एवढंच: उजवीकडची रंगीत दगडांची ओळ, तिच्या पलीकडे वादी, आणि तिथे लांब उभा केलेला एकटा फिल्डर.

पलीकडे फटक्याचा आवाज यायचा, हॉर्न वाजायचे, लोक ओरडायचे. काय झालं ते ह्या सीटवर कळायचं नाही. चौका आमचा की त्यांचा, कोण आउट, काही नाही. दगडांपर्यंत बॉल ह्या बाजूला आला आणि कुणी त्याच्यामागे पळालं, तरच काय ते दिसायचं. तेवढाच खेळ तिच्या वाट्याला होता. आणि तिनं तो हंगामामागून हंगाम बघितला. जरा सरकली असती तर उन्हात, पण पट्टी दिसली असती. एक शब्द बोलली असती तर मी गाडी दुसरीकडे लावली असती, कंटेनर पुन्हा क्रेन आणून हलवला असता. बोलली नाही. ही जागा मी तिच्यासाठी भांडून धरली होती, हे तिला ठाऊक होतं.

रडू आलं ते मी येऊ दिलं. गाडीच्या काचेतून म्हाताऱ्याचं तोंड कोण बघतंय?

उद्या इब्रीचा शेतकरी येईल आणि गाडी नेईल. नेऊ दे. चासी गंजलीच आहे.

तेवढ्यात कंटेनरच्या मागून बॉल उसळून आला, वादीच्या बाजूला. तिथे उभा असलेला फिल्डर चाळिशीचा, पोट सुटलेला, कुठल्यातरी ऑफिसात बसून काम करणारा असावा. तो धावला. पहिल्यांदा नुसता, मग जीव तोडून. टोपी उडाली. तो पोचणार नाही हे मला दिसत होतं, त्यालाही दिसत असणार. तरी तो धावला आणि शेवटी अंग झोकून दिलं आणि निळ्या दगडाच्या अलीकडे हातानं बॉल अडवला. धूळ बसली तेव्हा तो गुडघ्यांवर होता, छाती भात्यासारखी हलत होती. पलीकडे कुणी त्याच्यासाठी काही वाजवलं नाही. चौका गेला नाही, विकेट पडली नाही. नियमात बसत नव्हतं.

मी डावा हात लांब केला. बांगड्या वाजल्या नाहीत. पण रेडा हंबरला, होता तसाच, घोगरा. तो माणूस उठेपर्यंत मी दाबून धरला.

तिकडे सगळं थांबलं. कंटेनरपलीकडून दाऊदभाईचा आवाज आला, पिचलेला, "भाभी जागी आहे रे!" जुने होते ते हसले नाहीत.

रिया धावत खिडकीशी आली. "आबा, काय झालं? फोर पण नाही, आउट पण नाही. हॉर्न का?"

"दिसलं म्हणून वाजवला," मी म्हटलं.

ती दार उघडून माझ्या शेजारी चढली आणि मी बघत होतो तिकडे बघायला लागली. तो माणूस टोपी झटकत परत आपल्या जागेवर जाऊन उभा राहत होता. मी हात स्टिअरिंगवरून काढला नाही.